गावकुसाबिगर गाव

आपल्या चळवळीत मौज हा शब्द शिवीसारखा वापरतात. एखादा पोरगा म्हणाला की मी रविवारी फिरायला गेलो होतो, तर दुसरा लगेच अंगावर येतो : तिकडे आपली माणसं मरतायत अन् तू फिरतो काय बे? फिरणारा गप्प. जणू त्यानं कुणाची कोंबडी चोरली. मी पुणे जिल्ह्यातल्या लवासाला एक दिवस जाऊन आलो, तर मलाही एका कवीमित्रानं असंच झाडलं. त्याला मी तोंडी उत्तर दिलं, ते इथं छापण्यासारखं नाही. हे लिहितोय ते त्याच्यासाठी नव्हे. त्या एका दिवसात एक सवाल डोक्यात शिरला आणि तो तिसऱ्या पाळीत, रिंगफ्रेमच्या घरघरीतसुद्धा, जागा सोडत नाही. चार लोकांत टाकावा म्हणून लिहितोय.

पण आधी मौजेचं निस्तरू.

गिरणी कामगाराला रविवार कोणी दिला? देवानं नाही दिला. नारायण मेघाजी लोखंडे या सत्यशोधकानं 1884 साली मुंबईत बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली, सभा भरवल्या, अर्जांवर हजारो कामगारांच्या सह्या-अंगठे घेतले, आणि 10 जून 1890 ला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. भरपगारी रजा कोणी दिली? 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या माणसाला पगार न कापता रजा, हा कायदा 1945 चा. आठवड्याचे 54 तास होते ते 48 वर आणले 1946 साली. पुढं 1948 च्या कारखाना कायद्यानं हिशेब बांधून दिला : वर्षाला 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागं 1 दिवस. वीस दिवस कापसाची धूळ खा, एक दिवस तुझा. म्हणजे मी ज्या दिवशी त्या पाण्याकाठी हातपाय सोडून बसलो तो दिवस लोखंड्यांनी आणि बाबासाहेबांनी मालकाच्या दाढेतून काढून आणलेला होता. तो वापरायचा नाही तर काय त्याचं लोणचं घालायचं?

गांधीवादावर लिहिताना 1945 साली बाबासाहेबांनी हीच गोष्ट धरली होती. यंत्राला शिव्या घालू नका, यंत्र माणसाला फुरसत देईल, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावरासारखा जगतो, असा त्यांचा रोख होता. चरख्याची भक्ती ज्याला परवडते त्याला परवडो. ज्याच्या पिढ्यान् पिढ्या येसकरकीत, वेठीत, मेलेली ढोरं ओढण्यात गेल्या, त्याला रिकामा वेळ म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. रिकामा बसलेला महार गावाला खपत नव्हता. आज आपलाच माणूस रिकामा बसला की आपल्यालाच खपत नाही, तर हा गाव आपल्या डोक्यात अजून नांदतो, असं मी म्हणेन.

आम्हा यवतमाळच्या लोकांचा समुद्र म्हणजे 6 डिसेंबर. कापूस वेचणीचे दिवस असतात, तरी माणसं धामणगावहून रेल्वेत कोंबून घेऊन दादरला उतरतात. रांगेत उभं राहून चैत्यभूमीचं दर्शन घेतात आणि मग मागच्या अंगाला वाळूत येतात. तिथं मी आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या पाहिल्या आहेत. पांढरं पातळ घोट्याच्या वर धरायचं आणि पाण्यात पाय घालायचे. लाट आली की पोरींसारख्या किंचाळतात. आणि लगेच तोंडाला पदर लावतात, कारण दिवस दुःखाचा आहे. त्या पदराचा मला राग येतो. म्हाताऱ्यांचा नाही, पदराचा. साठ वर्षं मातीत राबलेल्या बाईला समुद्र पाहायला दुसरा एकही दिवस मिळू नये?

तर मी गेलो, आणि जाण्याचा मला हक्क होता. आता पुढचं.

1 जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला सलामी देऊन मी पिंपरीला मामेभावाकडे राहिलो. तो तिथं एका कंपनीत कंत्राटावर आहे, सहा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चाल दादा, तुले एक गाव दाखवतो. आपल्या बापजाद्यांनी पाहिलं नसंन असं." त्याची मोटारसायकल. चांदणी चौक, पिरंगुट, मुठा, टेमघर धरण, मग घाट. घाट चढून उतरलो आणि खाली रंग दिसले. पिवळा, गेरू, नारिंगी, विटकरी. पाण्याच्या कडेनं ओळीत उभी चार-पाच मजली घरं, खाली दुकानं, मधे पूल, फरशी घातलेला धक्का. एकाही घरावर शेणाचा हात नाही.

हे सगळं इटलीतल्या पोर्तोफिनो नावाच्या समुद्रकाठच्या गावावरून उतरवलेलं. पोर्तोफिनो मुळात मासेमाऱ्यांचं बंदर, पुढं श्रीमंतांनी पसंत केलं. इथं समुद्र नाही, म्हणून वरसगाव धरणाचं पाणी समुद्राच्या जागी ठेवलं. मोसे नदीवरचं हे धरण, त्याचं पाणी पुण्याच्या नळाला जातं. 1996 साली राज्य सरकारनं थंड हवेच्या ठिकाणांच्या बांधकामासाठी खास नियम काढले. जून 2001 मधे मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातली 18 गावं थंड हवेचं ठिकाण म्हणून जाहीर केली. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीच्या पोटातल्या लवासा कॉर्पोरेशननं शहर उभं करायला घेतलं, नकाशा अमेरिकन कंपनीनं काढला. पहिलं टाउन दासव्याला. 2008 साली तर सरकारनं त्या कॉर्पोरेशनलाच विशेष नियोजन प्राधिकरण करून टाकलं. म्हणजे बांधणारी ती आणि बांधकामाला परवानगी देणारीही तीच! शहराचा कारभार पाहायला अमेरिकेतून पगारी सिटी मॅनेजर आणला होता. निवडणूक, नगराध्यक्ष, मतपेटी, काही नाही. नोव्हेंबर 2010 मधे केंद्राच्या पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, वर्षानं अटी घालून परवानगी दिली. कर्जाचा डोंगर झाला आणि ऑगस्ट 2018 मधे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं. त्यानंतर बोल्या, योजना, तारखा. आम्ही गेलो तेव्हा धक्क्यावर गर्दी होती, पण वरच्या अंगाला लोखंडी गजा बाहेर आलेले सांगाडे उभे होते आणि पिवळ्या भिंतींचे पोपडे निघालेले.

ही माहिती झाली. ती पेपरात सापडते. मला जे सांगायचं ते धक्क्यावरच्या एका बाकड्यावर सुरू झालं.

आइस्क्रीमच्या दुकानात पोरानं कप माझ्या हातात दिला. वरून टाकला नाही. बोटाला बोट लागलं. त्यानं काही पाहिलं नाही, मी पाहिलं. भाऊ म्हणाला, "दादा, सकाळपासून तुले कोणी आडनाव विचारलं काय?"

नव्हतं विचारलं.

यवतमाळात मी खोली पाहायला गेलो होतो. घरमालकानं भाडं सांगण्याआधी आडनाव विचारलं, आणि आडनाव सांगितल्यावर खोली "कालच गेली" होती. तिसऱ्या दिवशी त्याच दारावर भाड्याच्या खोलीची पाटी तशीच. आणि गावाचं काय सांगू? माझं गाव दारव्हा तालुक्यात. वस्ती गावाच्या पूर्वेला. म्हातारे सांगत, वारा पश्चिमेकडून येतो, आपल्या अंगावरून गेलेला वारा गावात जाऊ नये म्हणून आपल्याले इकडे बसवलं. म्हणजे वाऱ्याची दिशा पाहून नकाशा काढणारे अमेरिकेत आत्ता झाले, आपल्याकडे हजारो वर्षांपासून आहेत.

भाऊ म्हणाला, "इथं पूर्व नाही, पश्चिम नाही. गावकूस नाही, मारुती नाही, पाटलाचा वाडा नाही. पैसा टाक अन् बस. मले हे गाव आवडते." मी त्याला लगेच खोडून काढलं नाही. जो माणूस ही गोष्ट हसण्यावारी नेतो त्याच्या आज्याला कधी ओंजळीनं पाणी प्यावं लागलेलं नसतं. पुण्या-मुंबईचे पर्यावरणवाले लवासाच्या विरोधात बोलताना खेड्याचं गोड गाणं गातात : शांत खेडं, साधी माणसं, ओढ्याचं पाणी. आम्हाला त्या गाण्यात ताल धरता येत नाही. 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत बाबासाहेब उभे राहिले आणि खेड्याच्या भक्तांना त्यांनी सुनावलं, की खेडं म्हणजे कोतेपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं आगर आहे, आणि मसुद्यात खेड्याऐवजी व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. मी त्या वाक्याच्या बाजूचा माणूस आहे. खेडं मोडलं तर मी रडणार नाही.

आणि दोस्तांनो, आणखी एक गोष्ट. नवं गाव बसवायचं स्वप्न आपलंही होतं. हे आपल्यातले पुष्कळ जण विसरले. जुलै 1942 मधे नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली, जिच्यात शेड्युल्ड कास्ट फेडरेशन जन्मली. तिथं ठराव झाला की अस्पृश्यांना हिंदूंच्या गावांपासून दूर, स्वतंत्र गावं वसवून द्या. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधे बाबासाहेबांनी ते कायद्याच्या भाषेत मांडलं : वसाहत आयोग नेमा, न पिकवलेली सरकारी जमीन त्याच्या ताब्यात द्या, केंद्रानं दर वर्षाला 5 कोटी रुपये काढून ठेवावेत. कागदावर रेघ मारून, गटार-रस्ते आखून, गावकुसाबिगर गाव. ते स्वप्न कुणी बांधलं नाही. एका कंपनीला डोंगर मिळाले आणि तिनं श्रीमंतांसाठी बांधलं. बाकड्यावर बसून मला पहिल्यांदा राग आला तो याचा : हे होऊ शकत होतं! डोंगर फोडून घाट काढता येतो, पाण्याकाठी शहर बसवता येतं, सरकार नियम वाकवू शकतं, हे सगळं शक्य आहे. आम्हाला मात्र 1947 पासून सांगतात, जमीन कुठाय?

इथं कुणी म्हणेल, झालं, उत्तर सापडलं : श्रीमंतांचं नवं गाव वाईट, आपलं नवं गाव चांगलं. मीही तिथपर्यंतच थांबलो असतो. पण समोर एक बाई झाडत होती.

धक्क्यावर लोकांनी टाकलेले कप ती गोळा करत होती. पन्नाशीची असेल. मी विचारलं, "मावशी, कुठल्या?"

"इथलीच की. वरल्या वाडीची."

"संध्याकाळी येता का इथं बसायला?"

ती हसली. "बसाया कोण नाय म्हणतंय? पण बसून बघायचं काय? पाणीच ना? ते तर पयल्यापास्नं हाय."

मग हातानं पाण्याच्या पलीकडची एक बाजू दाखवली आणि म्हणाली, "आमची नाचणी तिथं व्हायची." एवढंच. पुढं काही बोलली नाही, कारण मुकादम की कोण तो येत होता.

मुगावच्या भागातल्या कातकरी आणि धनगर माणसांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत : आमची जमीन आम्हाला न कळता दुसऱ्याच्या नावावर झाली, सीलिंगमधे मिळालेली जमीन गेली, देवाकडे जायची वाट बंद झाली. जनआंदोलनांचा राष्ट्रीय समन्वय आणि मेधा पाटकर त्यांच्या बाजूनं लढले, हायकोर्टात गेले. कंपनीनं आरोप नाकारले. कोण खरं ते कोर्टाचं कोर्ट पाहील. मी एवढंच पाहिलं की नाचणीची जागा सांगणारी बाई झाडू घेऊन आहे आणि ती जागा माझ्या आइस्क्रीमसमोर देखावा म्हणून आहे. मामेभावाला मी म्हणालो, "बाबा, गावकूस गेलं नाही. आडवं होतं ते उभं झालं." खाली पाण्याशी देखावा पाहणारे, वर सांगाड्यांमागं वाडी. फाटक सगळ्यांना खुलं आहे म्हणतात. महाडच्या नगरपालिकेनंही 1924 साली चवदार तळं ठराव करून सगळ्यांना खुलं केलं होतं. ओंजळभर पाणी प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल आला 1937 साली. खुलं असणं आणि तिथं बसता येणं यात तेरा वर्षं गेली. इथं तर त्या बाईला आडवत कुणीच नाही. तिच्याकडे बसायला लागणारा दिवस नाही, आणि जे पाहायचं ते तिचंच आहे.

याच मुळशी तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी मुळशी सत्याग्रह झाला. 1921 ते 1924. टाटांच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जाणार होत्या, सेनापती बापट पुढं होते. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. त्यातली दुसरी गोष्ट अशी, की पुष्कळ जमिनी तोवर पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या, आणि त्यांनी नुकसानभरपाई घेऊन माघार घेतली. कसणारा कूळ उघडा पडला. जमीन कुणाची, हा सवाल सातबाऱ्याला विचारला तर एक उत्तर येतं आणि नांगराला विचारला तर दुसरं. शहर बांधणारे नेहमी सातबाऱ्याला विचारतात.

बाहेरच्या दुनियेत काय झालं म्हणून वाचनालयात शोधलं. फ्रान्समधे 1936 साली कामगारांना पहिल्यांदा दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. संप झाले, कारखाने ताब्यात घेतले, तेव्हा मिळाली. पुढं रजा वाढली तसे लोक समुद्राकडे निघाले. 1963 पासून फ्रेंच सरकारनं दक्षिणेच्या किनाऱ्यावर, डासांनी भरलेल्या दलदलीच्या भागात, नवी समुद्रकाठची शहरं बांधली. त्यातलं ला ग्रांद मोत हे जाँ बालादूर नावाच्या वास्तुकारानं पिरॅमिडसारख्या इमारतींचं केलं. तिथं सरकारनं एक हुशारी केली : दलालांना सुगावा लागायच्या आत पडेल भावानं जमीन स्वतः घेऊन ठेवली. सट्टा होऊ नये म्हणून. मला ते आवडलं. आणि जर्मनीत? हिटलरनं 2 मे 1933 ला कामगारांच्या युनियन मोडल्या, त्यांचा पैसा हडपला, आणि त्याच्या मजूर संघटनेनं 1936 साली बाल्टिक समुद्राकाठी प्रोरा नावाच्या जागी 20,000 कामगारांसाठी सुट्टीचं ठिकाण बांधायला घेतलं. साडेचार किलोमीटर लांब एकसारख्या इमारती. लढाई सुरू झाली, एकही कामगार तिथं सुट्टीला गेला नाही. हल्ली त्याच इमारतींतून महागडे फ्लॅट विकले आहेत. कामगाराला सुट्टी देतो म्हणणारा आधी त्याची युनियन आहे की मोडली ते पाहावं.

पण फ्रान्सचं उदाहरण मला अर्धंच पुरतं. तिकडे म्हणायला जागा दलदल होती, पडीक होती. पडीक! हा शब्द मला त्या दिवसापासून टोचतो. नवं गाव बसवणारा प्रत्येक जण आधी म्हणतो की जमीन पडीक आहे, रिकामी आहे. कंपनीची चित्रं पाहा : हिरवे डोंगर, निळं पाणी, माणूस एक नाही. आपण गायरान कसलं, पोटासाठी दोन पोती ज्वारी काढली, तेव्हा तलाठ्यानं काय लिहिलं? पडीक, अतिक्रमण. दादासाहेब गायकवाडांनी 1959 साली आणि पुन्हा 1964 साली भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, ती याच शब्दाविरुद्ध गेली. आपण घाम गाळला ती जमीन दफ्तरात रिकामी होती. मग 1942 च्या ठरावातली, 1947 च्या मसुद्यातली ती न पिकवलेली सरकारी जमीन खरंच रिकामी होती का?

बाबासाहेबांच्या मागणीत खोट काढायला मी बसलेलो नाही. घर जळत असलेल्या माणसानं दार मागितलं, ते बरोबरच मागितलं. सवाल आपल्याला आहे, आज. समजा उद्या सरकार शुद्धीवर आलं आणि म्हणालं, घ्या तुमचा वसाहत आयोग, यवतमाळ जिल्ह्यात तुम्हाला गावकुसाबिगर गाव देतो. जमीन कुठली देईल? दारव्ह्याच्या पाटलाची काळी देईल? तो देईल केळापूर, मारेगाव, झरी-जामणीकडची. डोंगराची, झुडपी जंगलाची. आणि तिथं पोड आहेत. कोलामांचे पोड. महाराष्ट्रात सरकारदफ्तरी तीन आदिम जमाती : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. मोसे खोऱ्यातला कातकरी आणि आपल्या पांढरकवड्याचा कोलाम कागदावर एकाच ओळीत आहेत. जमीन दोघांचीही रिकामीच.

आणि पोडाचं आपल्याला किती ठाऊक आहे? कोलामाला हसणारी माणसं आपल्या वस्तीतही आहेत, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. बाजाराच्या दिवशी त्याला अरे-तुरे करणारा नेहमी सवर्णच असतो असं नाही. जातीची उतरंड म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी शिकवलं : प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी, आणि प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी, म्हणून कुणी एकजूट होत नाही. आपण वरचं मडकं फोडायला निघालो. खालच्या मडक्यावर आपण उभे आहोत का, ते कोण पाहणार?

आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी आम्ही दहा-बारा जण बसतो. मी हा सवाल तिथं टाकला. सरळ टाकला : आपल्याला नवं गाव मिळालं, आणि ते पोडाच्या जमिनीवर असलं, तर जायचं का?

एक जण म्हणाला, "जायचं. दोन हजार वर्षं झाली, आता अजून किती थांबू? कोलामाले सरकार दुसरीकडे देईन." हे मला लवासाच्या जाहिरातीसारखं वाटलं, पण त्याच्या बहिणीला मागच्या वर्षी गावच्या हातपंपावर काय ऐकावं लागलं ते मला ठाऊक आहे, म्हणून मी त्याला झाडलं नाही. दुसरा म्हणाला, "मंग आपल्यात अन् त्या कंपनीत फरक कोणता?" पहिला म्हणाला, "फरक हा की ते मौजेले बांधतात, आपण जीव वाचवाले." वजनदार बोलला. गरज आणि मौज यात फरक आहे, कबूल. पण ज्याची नाचणी गेली, ज्वारी गेली, त्याच्या ताटात तो फरक दिसत नाही.

मी माझं मत सांगितलं. नवं गाव मागायचं सोडायचं नाही. खेड्यात परत जा म्हणणाऱ्याच्या तोंडाला लागायचं नाही. मौजेचाही हक्क सोडायचा नाही. आपल्या गावात पाण्याकाठी बाकडी असली पाहिजेत आणि त्यावर आपल्या म्हाताऱ्या बसल्या पाहिजेत, पदर न लावता. पण ज्या जमिनीवर ते गाव होईल तिथल्या पोडाची सही आधी, आपली मागून. पोड नाही म्हणाला तर नाही. मग सरकारकडे पाटलाची काळी मागायची, सीलिंगची लपवलेली जमीन मागायची, आणि ती लढाई अवघड आहे म्हणूनच आजवर कोणी आपल्याला तिकडे बोट दाखवू देत नाही, डोंगराकडेच दाखवतात.

मारेगावकडची एक पोरगी असते आमच्यात, नर्सिंग शिकते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुम्ही सगळे पोडाच्या वतीनं भांडून राह्यले. पोडावर जाऊन विचारलं काय कोणी, की त्यायले कसं गाव पाह्यजे म्हणून? त्यायले कदाचित आपल्याच संगं एका गावात राहाचं असंन. नसंनही."

वाद तिथं थांबला नाही, बारा वाजेपर्यंत चालला, विहाराची किल्ली ठेवणारे काका दोनदा येऊन गेले. शेवटी एवढं ठरलं की पुढच्या रविवारी विहारात बसायचं नाही, झरी-जामणीकडच्या एका पोडावर जायचं. कोण कोण येणार म्हणून कागद फिरवला. सात नावं आली. त्यात कोलामी बोलता येणारं एकही नाही.